मुक्कामाचं शिक्षण

बारा वाजायला आले की माझ्या वर्गातल्या मागच्या तीन बाकांवर हालचाल सुरू होते. वह्या पिशवीत जातात, एसटीचा पास खिशात चाचपून पाहिला जातो, कोणीतरी खिडकीतून रस्त्याकडं मान वळवतं. ही मुलं जत आणि कवठेमहांकाळकडून येतात. पहाटे पाचला घर सोडतात आणि सकाळच्या पहिल्या तासाला धापा टाकत पोचतात. साडेबाराची गाडी चुकली तर घरी जायला दिवस मावळतो. म्हणून तास कितीही रंगात आलेला असो, बाराला पाच कमी असताना त्यांचं कॉलेज संपतं. मी इतिहास शिकवतो. मला वाईट वाटतं ते हजेरीपटासाठी नाही, तर प्रश्न नेमका त्याच वेळी येतो म्हणून. पाऊण तास ऐकल्यावर पोराच्या मनात काहीतरी खुपायला लागतं, तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची गाडी लागलेली असते.

या मुलांच्या हातात नव्या शैक्षणिक धोरणानं एक मोठा तक्ता दिला आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, आणि प्रत्येकापुढं श्रेयांक. इतिहासाच्या मुलानं थोडं संगणकाचं शिकावं, रसायनशास्त्राच्या मुलीनं थोडं साहित्य वाचावं, ही कल्पना चांगलीच आहे. 2020 च्या धोरणानं तिच्यासाठी तक्षशिला-नालंदेचा आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला दिला. पण आज जगात ज्याला लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणतात, ते मुख्यतः अमेरिकेतल्या चर्चच्या अंगणात वाढलं. गाव लहान, विद्यार्थी थोडे, सगळे तिथंच राहणारे. सकाळी प्रार्थना, दिवसभर साहित्य, गणित, तत्त्वज्ञान, संगीत, आणि संध्याकाळी शिक्षकाच्या ओसरीवर चर्चा. तिथून आपण विषयांची यादी तेवढी उचलली. माझं म्हणणं असं आहे की त्या कॉलेजात यादी ही सगळ्यात वरवरची गोष्ट होती, आणि खरी गोष्ट होती मुक्काम. विद्यार्थ्याचा मुक्काम, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे शिक्षकाचा. आणि हा मुक्काम आपल्याला परका नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो एकदा नांदून गेला आहे.

1919 हे साल या भागाच्या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी 9 मे रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईत वारले. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी साताऱ्याला वाहिली होती. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून ते तिथं आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही बरोबरीनं बसता येईल असा तो ख्रिस्तभक्तांचा मेळा होता. त्याच 1919 साली सांगलीला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं, आणि 4 ऑक्टोबरला कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा नारळ फोडला. तिघांचा एकमेकांशी काही करार झालेला नव्हता. तरी तिघांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: माणसं एकत्र राहून, एकत्र बसून शिकू शकतील का? सातारा-सांगलीत कुठल्या मिशननं विलिंग्डनच्या तोडीचं कला-विज्ञानाचं कॉलेज उभं केलं नाही. मिशनचं मोठं काम झालं ते मिरजेत, आणि ते दवाखान्याचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथं रुग्णालय उभारलं आणि देशी सहायकांना वैद्यक शिकवलं. विश्रामबागेहून मिरजेकडं निघालं की लागणारी वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. पण ख्रिस्ती कॉलेजाचा गाभा मात्र दोन वेगळ्या वाटांनी इथं आला, आणि दोन्ही वाटा ख्रिस्ती नव्हत्या.

सांगलीची वाट पुण्याहून आली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन. मिशनऱ्यांवर सडकून टीका करणाऱ्या ‘निबंधमाले’चा लेखक या मंडळींचा म्होरक्या. तरीही संस्था कशी चालवायची हे ठरवताना या तरुणांपुढं नमुना होता तो जेझुइट पाद्र्यांचा. त्यांनी पाहिलं होतं की पाद्री संसाराचा पाश बाजूला ठेवून, मिळेल त्यात भागवून, जन्मभर एका शाळेला वाहून घेतो आणि म्हणून त्याची शाळा टिकते. त्यातून आजीव सदस्य ही कल्पना निघाली. वीस वर्षं संस्थेची सेवा करायची, महिना 75 रुपयांवर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही वीस वर्षं पुरी केली. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र मराठी घराघरांत ठाऊक आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोड, असं आईला कळवणं कोणत्याही काळात सोपं नसतं. टिळक 1890 मध्ये संस्थेतून बाहेर पडले तेव्हाही वाद याच शपथेवरून पेटला होता. आजीव सदस्यानं बाहेर कमाई करावी की करू नये, जेझुइटांचं तत्त्व पाळायचं तर पुरतं पाळायचं की सोयीपुरतं? माणसं भांडली ती शपथ गांभीर्यानं घेतली होती म्हणून. ज्यांच्या धर्मप्रसाराला विरोध करायचा त्यांच्याच त्यागाचा कित्ता गिरवायचा, एवढं मोठं मन त्या पिढीजवळ होतं.

हीच शपथ घेऊन सोसायटीची माणसं सांगलीला आली. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे विलिंग्डनमध्ये शिकवत होते, आणि पुढं ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक या कॉलेजचे प्राचार्य होते. मराठी गावात, इंग्रजी शिकवणारा कन्नड कवी! बहुविद्याशाखीय हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता. पण विज्ञानाच्या मुलानं कवीच्या तासाला मागं जाऊन बसावं यासाठी श्रेयांक लागत नाहीत. त्यासाठी तो कवी त्याच आवारात, उद्याही आणि पाच वर्षांनंतरही असावा लागतो.

साताऱ्याची वाट वेगळी आणि जास्त खडतर. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलंच. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सगळ्या माणसांचा निर्मिक एकच आहे, हा विचार त्यांनी आपल्या रीतीनं मांडला आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज उभा केला. त्या शाळेतून त्यांनी धर्म घेतला नाही. पण शूद्रातिशूद्राच्या मुलालाही अक्षराचा हक्क आहे, हे तिथं प्रत्यक्ष घडताना त्यांनी पाहिलं. भाऊराव पाटील या सत्यशोधक चळवळीत घडले. त्यांच्यावर दुसरा मोठा संस्कार राजर्षी शाहूंचा. पण शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वसतिगृहं जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग वेगळं. त्या काळात तेवढं करणंसुद्धा धाडसच होतं. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग सुरू केलं त्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका चुलीवर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं.

ही पंगत किती मोठी गोष्ट होती, हे आज कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एका ताटात वडापाव खाणाऱ्या मुलांना सांगावं लागतं. त्या काळी गावात पाणवठे वेगळे होते. अशा गावातून आलेला मराठ्याचा मुलगा दलित मुलानं थापलेली भाकरी खात होता, आणि दुसऱ्या दिवशी पाळी उलटी होती. पीठ मळणं, पाणी भरणं, शेतात राबणं ही कामं सगळ्यांची. पुढं जून 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व शाळेतून कॉलेजात गेलं. मुलांनी माळ खणला, दगड वाहिले, शेती केली आणि त्याच हातांनी पदवीचे पेपर लिहिले.

इथं मला अमेरिकेतलं एक कॉलेज आठवतं. केंटकी राज्यातलं बेरिया. गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले धर्मोपदेशक जॉन फी यांनी ते 1855 मध्ये स्थापन केलं. देवानं सगळी माणसं एकाच रक्ताची घडवली, या बायबलमधल्या वचनावर ते उभं आहे. यादवी युद्धानंतर काळी आणि गोरी मुलं तिथं शेजारी बसून शिकू लागली. हे न बघवल्यामुळं 1904 मध्ये राज्यानं कायदाच केला, की एका शाळेत दोन्ही वर्णांना शिकवता येणार नाही. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि 1908 मध्ये हरलं. कायदा बदलला तेव्हा, 1950 मध्ये, त्यांनी दारं पुन्हा उघडली. बेरिया 1892 पासून शिकवणीची फी घेत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला निदान दहा तास काम करावं लागतं. स्वयंपाकघरात, बागेत, ग्रंथालयात, सुतारकामाच्या शाळेत.

प्रत्येक विद्यार्थ्याला, हा शब्द महत्त्वाचा आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगातही काम प्रत्येकाला होतं. आज ‘कमवा आणि शिका’ भाऊरावांच्या नावानं अनेक ठिकाणी चालू आहे, पण ती गरजू विद्यार्थ्यांची योजना झाली आहे. अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला जोडा, तासाच्या हिशेबानं मानधन घ्या. त्या मानधनावर किती मुलांचं शिक्षण तगलं आहे हे मी डोळ्यांनी पाहतो, म्हणून ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एका वर्गातल्या साठांपैकी सहाच मुलं झाडांना पाणी घालत असतील आणि उरलेली चोपन्न कट्ट्यावरून बघत असतील, तर झारी हातात असलेला मुलगा गरीब आहे एवढंच सगळ्यांना कळतं. काम सगळ्यांचं असतं तेव्हा ते शिक्षण असतं. काहींचंच असतं तेव्हा तो उत्पन्नाचा दाखला होतो, चारचौघांत दाखवलेला. श्रमाला प्रतिष्ठा यावी म्हणून जो माणूस आयुष्यभर झिजला, त्याच्या नावाच्या योजनेत मुलगी तोंड लपवून फायली लावते, हे पाहून माझ्या पोटात कालवतं.

आता आक्षेपांकडं वळतो. पहिला आक्षेप जुना आहे आणि खोटा नाही. धर्माच्या नावानं चालणाऱ्या कॉलेजात शिक्षण हे आमिष असतं, खरा डाव धर्मांतराचा असतो, ही भीती महाराष्ट्राला एकोणिसाव्या शतकापासून आहे. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून कोर्टामार्फत परत आणावं लागलं, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेतल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. मिशनच्या शाळांत बायबलचा तास चुकवता येत नसे. हे सगळं मान्य करूनही मी विचारतो: मुंबईचं विल्सन, सेंट झेवियर्स, नागपूरचं हिस्लॉप इथं शिकलेल्या हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध मुलांच्या पिढ्यांनी तिथून काय आणलं? बहुतेकांनी धर्म आणला नाही. आणलं ते वेळेवर येणाऱ्या, वही तपासून परत देणाऱ्या, सुटीतही खोलीवर भेटणाऱ्या शिक्षकाचं उदाहरण. अहिल्यानगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं तेही 1947 मध्येच, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजच्याच वर्षी. संस्थापक मराठी ख्रिस्ती, विद्यार्थी सगळ्या समाजांतले, आणि ग्रामविकासाचा अभ्यास हे कॉलेजचं खास अंग. एकानं प्रेरणा येशूकडून घेतली, दुसऱ्यानं फुले-शाहूंकडून, आणि दोघं पोचले खेड्यातल्या त्याच मुलापाशी. ही दोन कॉलेजं एकमेकांशेजारी ठेवून आपण कधी अभ्यासली नाहीत. कोणीतरी तो प्रबंध लिहायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. विद्यार्थ्यानं कसा माणूस व्हावं हे कॉलेजनं सांगायचंच कशाला? आज ते सांगण्याची मुभा दिली की उद्या कोणीही येऊन आपल्या पंथाची, पक्षाची घोषणा वर्गात आणील. ही भीती मलाही वाटते. पण मौन हा तिच्यावरचा उपाय नव्हे. कॉलेज काहीच सांगत नाही तेव्हाही मुलं काहीतरी शिकतच असतात. गाईड वाचून पास होता येतं, प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, हेही शिक्षणच आहे आणि ते फार खोल रुजतं. संस्कार करणारी संस्था कोणती बरी नि कोणती घातक, याची कसोटी भाऊरावांनी आणि रेव्हरंड टिळकांनी त्याच साताऱ्यात घालून दिली आहे. पंगत वाढते की तुटते, ते पाहावं. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्याला जागा होती. भाऊरावांच्या चुलीपाशी कोणालाही जात आड येत नव्हती. जी संस्था आपल्या श्रद्धेपायी कोणालातरी पानावरून उठवते ती मला नको, मग ती कोणत्याही धर्माची असो.

खरी अडचण मात्र या आक्षेपांपेक्षा साधी आहे. आज मुक्कामाला माणूसच उरलेला नाही. कॉलेजात अनेक वर्षं नेमणुका रखडलेल्या, जागा रिकाम्या, आणि त्या भरल्या जातात तासिका तत्त्वावर. ‘सीएचबीवर आहे’ असं आमच्याकडं सहज म्हणतात. माझ्या विभागातला एक तरुण सहकारी सकाळी आमच्याकडं दोन तास घेतो आणि मोटारसायकलवरून तासगावमार्गे विट्याकडं दुसऱ्या कॉलेजात जातो. नेट झालेला आहे, पीएचडी झालेला आहे, वर्गात जीव ओतून शिकवतो. त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. दिवाळीच्या सुटीचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत, आणि तास संपल्यावर दारात थांबलेल्या मुलीच्या प्रश्नाचे तर नाहीतच. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा अर्ज. वीस वर्षांच्या शपथेपासून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासापर्यंत आपण आलो. आगरकरांनी गरिबी स्वतःहून पत्करली होती. या मुलावर ती लादलेली आहे, आणि तिला त्यागाचं नाव देऊन त्याच्यापुढं आगरकरांचा आदर्श ठेवणं हा अन्याय ठरेल. त्याला पूर्ण पगाराची, कायमची जागा द्या, मगच त्याच्याकडं मुक्काम मागा.

चार विषयांचा तक्ता कितीही चांगला आखला तरी इतिहास आणि अर्थशास्त्र मुलाच्या डोक्यात एकमेकांना भेटणार कुठं? एका तासातून दुसऱ्या तासाला जाताना व्हरांड्यात ते भेटत नाहीत. ते कुठं भेटतात, ते मी एकदा पाहिलं. मी तेव्हा दुसऱ्या एका गावात शिकवत होतो आणि वसतिगृहाचा रेक्टर होतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे. मुलं खोलीतल्या स्टोव्हवर पिठलं टाकत आणि भाकऱ्यांसाठी आपसांत पाळी लावत. एकदा माण तालुक्यातला एक मुलगा परातीपाशी बसला होता. भूगोलाचा विद्यार्थी. त्याला भाकरी थापता येत नव्हती, कडा चिरत होत्या. शेजारी बसलेल्या गणिताच्या मुलानं पीठ अजून मळायला सांगितलं, गरम पाण्यानं मळ म्हणाला. त्यावरून ज्वारी गरम पाण्यातच का मळायची, गव्हाला का नाही, असं सुरू झालं. रसायनाच्या मुलानं स्टार्च आणि ग्लुटेन समजावलं. मग माणमध्ये ज्वारी-बाजरीच का, ऊस का नाही, कृष्णेचं पाणी कोणाला आणि का मिळालं, धरणं कोणी बांधली, असं करत बोलणं शेजारच्या तालुक्याच्या राजकारणावर आलं आणि आवाज चढले. मी दारात उभा होतो. कोणीतरी मला विचारलं, “सर, तुमचं काय मत?” मी आत जाऊन खाली बसलो. साडेदहा वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो. त्या भूगोलाच्या मुलानं पुढच्या वर्षी दुष्काळी पट्ट्यातल्या पाण्यावर प्रकल्प लिहिला, स्वतः बारा गावं फिरून. त्याचं बीज त्या चिरलेल्या भाकरीत होतं.

ते वसतिगृह आता बंद आहे. मूल्यांकनासाठी लागणाऱ्या फायली ठेवायला जागा हवी होती, मुलंही कमी झाली होती, मेसचा ठेकेदार सोडून गेला. कारणं सगळी खरी होती. पण तिथल्या खोल्यांना कुलूप लागलं तेव्हा कोणत्याही बैठकीत कोणी असं म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, की आपण कॉलेजचा निम्मा भाग बंद करतो आहोत.

सध्याच्या कॉलेजातही आवाराच्या मागच्या बाजूला अशीच एक जुनी इमारत पडून आहे. चौदा खोल्या, एक मोठा हॉल, मागं विहीर. गेल्या महिन्यात मी प्राचार्यांकडं एक प्रस्ताव दिला. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दूरच्या तालुक्यांतल्या मुलांना तिथं प्राधान्यानं जागा द्यावी, आणि गावातल्या बऱ्या घरच्या मुलांनीही एक सत्र तिथं राहावं. मेसला ठेकेदार नको. स्वयंपाक, झाडलोट आणि भाजीचा वाफा ही कामं पाळीनं, प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता. मुलींसाठी गावातलं एक भाड्याचं घर पाहून ठेवलं आहे, तिथंही हाच नियम. आठवड्यातून दोन रात्री एका शिक्षकाचा मुक्काम, आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक राहणार असेल तर त्याला त्या रात्रीचं मानधन. प्राचार्यांनी कागद ठेवून घेतला आहे आणि खर्चाचा अंदाज मागितला आहे. सोबत जोडलेल्या पाळीच्या तक्त्यात पहिल्या आठवड्याच्या सोमवारी आणि गुरुवारी, भाकरीच्या रकान्यात, मी माझं नाव लिहिलं आहे.